खरेदीखत

नोटरी वाचतोय. सत्तेचाळीस पानं.
शातो मोर्लूस, मेदोक, चौथा दर्जा, सन अठराशे पंचावन्न.
दर्जा उच्चारताना त्याचा आवाज
देवळात शिरल्यासारखा खाली येतो.

मी खुर्चीच्या कडेला बसलेय.
झेली लाकुस्तेर, तळघर सांभाळणाऱ्याची मुलगी, वय एक्क्याऐंशी.
मला बोलावलं, कारण तबेल्यावरच्या दोन खोल्या
मी मरेपर्यंत माझ्या आहेत.
(पान एकतीस. ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं,
मग माझ्याकडे पाहिलं, हिशेब केल्यासारखं.)

घेणारी विमा कंपनी.
विकणारा बेल्जियन, सिमेंटवाला, चांगला माणूस,
सोळा वर्षांत तळघराच्या पायऱ्या चारदा उतरला.
त्याच्याआधी विधवा दुसोलिये. ती पिंपांवर
तापल्या कपाळावर ठेवावा तसा तळवा ठेवायची,
आणि पगार द्यायला विसरायची.
तिच्या सासऱ्यानं घेतलं लोकरीच्या पैशावर,
तेव्हा किडीनं सगळी मुळं खाल्ली होती;
त्यानं अमेरिकन मुळांवर आपल्या काड्या बांधल्या,
आणि जावयाला सांगावं तसं वेलींना सांगितलं :
आडनाव आमचंच लावायचं.
त्याच्याआधी जहाजवाले, तीन पिढ्या.
जहाजांतून काय जायचं ते जेवणाच्या टेबलावर निघत नसे.
त्याच्याआधी एक न्यायाधीश. क्रांतीत त्याचं डोकं गेलं.
द्राक्षं त्या वर्षीही वेळेवर पिकली.

आमचं नाव कुठल्याच पानावर नाही.
दर पिंपाला सहा अंड्यांचा पांढरा बलक,
वाईन नितळ व्हायला. पिवळा उरायचा, तो आम्हाला.
मोर्लूसच्या पिवळ्यावर वाढलेली आमची हाडं.

पान बारा : जमिनीच्या चतु:सीमा.
पूर्वेला रस्ता. रस्त्यापलीकडे 'इतरांची मिळकत'.
इतरांची!
ते पेग्रोस. थोराड गोट्यांचा तुकडा, नदीकडे तोंड करून.
दर्जा मिळाला तेव्हा आमचाच होता.
अठराशे एकाहत्तरात जहाजवाल्यानं तो
धाकटीच्या हुंड्यात मार्सियाकांना दिला, पिंपं बनवणाऱ्यांना.
दर्जा काही हुंड्यात जात नाही. तो फाटकावर राहिला.
मार्सियाक आजही बिनदर्जाचे,
त्यांची बाटली बाजारात भाजीच्या शेजारी मिळते.

बाबा दर नोव्हेंबरात कंदील घेऊन रस्ता ओलांडायचे,
मार्सियाकच्या पिंपातून बोटभर काढून
तोंडात धरायचे, आणि थुंकायचे नाहीत.

मग छप्पन्नचा फेब्रुवारी. वेली उभ्या उकलल्या,
रात्री बंदुकीच्या बारासारखा आवाज यायचा.
पेग्रोसला नदीची ऊब होती, ते तगलं.
एकोणसाठ साली आमच्याकडे उन्हाळा होता, पीक नव्हतं.
विधवेला बाबांनी काय सांगितलं, मला ठाऊक नाही.
मला एवढंच ठाऊक आहे, की सोळाव्या वर्षी
तीन रात्री मी कंदील धरला,
गाडीच्या चाकांना गोणपाट बांधलं होतं,
तिकडून अकरा पिंपं भरलेली आली,
इकडून नव्या ओकची बावीस रिकामी गेली.
मार्सियाक म्हातारा फक्त म्हणाला,
'मुली, वात जरा खाली कर.'

सह्या झाल्या. कंपनीचा पोरगा,
कोवळा, नाकाचा शहाणा,
एकोणसाठची उघडतो. खास आजसाठी.
पेला फिरवतो, डोळे मिटतो, म्हणतो,
'मादाम, ही माती खोटं बोलत नाही.'

नाही बोलत.
मी घोट घेते.
ओली वात, गोणपाट, गोट्यांखालचा थंडावा,
आणि बाबांचा श्वास, चढावर लागलेला.

'तुम्हाला काही नोंदवायचं आहे का?' नोटरी विचारतो,
टोपण लावता लावता.

मी विचारते, पान एकतीसमध्ये
सरपणाचं काही लिहिलंय का.